सर्व्हरचा बिघाड आणि त्याचे निदान

(पंचायती, शाळा व तालुका कार्यालयांतील कर्मचाऱ्यांपुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)

“सर्व्हर बंद आहे, उद्या या,” हे वाक्य आता खेडेगावातील माणसाच्याही पूर्ण परिचयाचे झाले आहे. गोव्यातील शेतकरी १ व १४ चा उतारा मागावयास जातो, बेळगावकडील शेतकरी पहाणीसाठी जातो, बडोद्याकडील सात-बाराच्या नकलेसाठी, तर इंदूर-ग्वाल्हेरकडील खसरा-खतौनीसाठी. आणि दिवसाची मजुरी बुडवून आलेल्या या माणसाला खिडकीवर हेच उत्तर मिळते. जुन्या काळी वही वाळवीने खाल्ली किंवा पावसाने भिजली तर ते निदान डोळ्यांना दिसत असे. सर्व्हर बंद पडला म्हणजे नेमके काय झाले, हे पुष्कळदा सांगणाऱ्यालाही ठाऊक नसते. मग ऐकणाऱ्याची काय कथा?

सर्व्हर हा काही निराळ्या जातीचा प्राणी नव्हे. तो संगणकच आहे. फरक इतकाच की, तो रात्रंदिवस चालावा आणि एकाच वेळी अनेकांची मागणी त्याने पुरवावी, अशा बेताने त्याची बांधणी केलेली असते. म्हणून त्यात वीजपुरवठ्याचे संच सहसा दोन असतात, पंखे व डिस्क अनेक असतात, आणि ज्या स्मृतीला सर्वत्र रॅम म्हणतात, ती स्वतःची चूक ओळखू शकणारी असते. राज्यांच्या मुख्य नोंदी ठेवणारे सर्व्हर आज बहुधा राज्याच्या माहिती-केंद्रात तज्ज्ञांच्या देखरेखीखाली असतात. परंतु एखादे महाविद्यालय, सहकारी पतसंस्था, आरोग्य केंद्र किंवा कचेरी यांच्या कोपऱ्यातील खोलीत आपापला लहानसा सर्व्हर आढळतोच. आणि तो बंद पडतो त्या वेळी त्याच्याजवळ तज्ज्ञ नसतो, लिपिक असतो किंवा शिक्षक असतो. पहिल्या अर्ध्या तासात या माणसाने काय केले आणि विशेषतः काय केले नाही, यावर कित्येक वर्षांच्या नोंदी राहणे वा जाणे अवलंबून असते.

“सर्व्हर बंद” या दोन शब्दांमागे निदान तीन निरनिराळे प्रकार लपलेले असतात. बिघाड समोरच्या संगणकात असेल, वाटेतल्या जोडणीत असेल किंवा खुद्द सर्व्हरमध्ये असेल. शेजारच्या टेबलावरील संगणकाचे काम चालू असेल तर सर्व्हरला दोष देण्याचे कारण नाही. साऱ्या कचेरीचे बंद आणि दुसऱ्या गावच्या कचेरीचे चालू असेल, तर रस्त्याच्या खोदकामात केबल तुटली का, याची चौकशी आधी करावी. इतकी साधी विचारपूस न करता सर्व्हरची पेटी उघडणारे लोक पुष्कळ असतात. चांगल्या चाललेल्या यंत्रात नवा बिघाड बहुधा अशाच वेळी शिरतो.

बिघाड खरोखरच सर्व्हरमध्ये आहे असे ठरल्यावर सर्वांच्या हाताला सवयीचा असलेला उपाय म्हणजे बंद करून पुन्हा चालू करणे. हा उपाय अगदीच टाकाऊ नाही; कित्येकदा त्याने काम चालते. परंतु त्यात दोन धोके आहेत. पडद्यावर आलेला त्रुटीचा संदेश त्यामुळे पुसला जातो, आणि पुढे येणाऱ्या दुरुस्तीकाराच्या हाती काहीच उरत नाही. दुसरे असे की, फिरत असलेली जीर्ण डिस्क फिरत राहते, पण एकदा थांबली की ती पुन्हा सुरू होईलच असे नाही. तेव्हा बटणाला हात लावण्यापूर्वी पडद्याचे छायाचित्र घ्यावे, पेटीवर कोणते दिवे कोणत्या रंगाचे लागले आहेत ते लिहून ठेवावे, आणि शक्य असेल तर नोंदींची नक्कल दुसरीकडे उतरवून घ्यावी. यंत्र नंतर दुरुस्त करता येते, बाजारातून नवेही आणता येते. नोंद मात्र बाजारात मिळत नाही.

लिहून ठेवण्याची ही पद्धत संगणकाच्या जन्मापासूनची आहे. ९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे ‘मार्क टू’ हे यंत्र चुकू लागले. शोध घेता ‘एफ’ फळीवरील ७० क्रमांकाच्या रिलेत, म्हणजे विजेच्या उघडझाप करणाऱ्या कळीत, एक पतंग अडकलेला सापडला. तेथील लोकांनी तो काढून फेकून दिला नाही. वेळ नोंदवून त्यांनी तो चिकटपट्टीने नोंदवहीतच लावला. ती वही पतंगासह आज अमेरिकेच्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयाच्या संग्रहात आहे. यंत्रातील दोषाला ‘बग’ म्हणजे किडा म्हणण्याचा प्रघात मात्र त्याहून जुना. एडिसनच्या १८७८ सालच्या पत्रव्यवहारातही तो शब्द आढळतो. कोकणपट्टीत व गोव्यात किड्याची ही कथा केवळ गंमत म्हणून ऐकण्यासारखी नाही. मुंग्या, पाली आणि झुरळे यांना सर्व्हरची ऊब प्रिय असते, आणि उंदराला केबलचे आवरण.

आजचा सर्व्हर स्वतःची नोंदवही स्वतःच लिहितो, ही गोष्ट अनेकांना माहीत नसते. त्याच्या मुख्य फळीवर ‘बीएमसी’ नावाची देखरेख करणारी एक लहान चिप असते. सर्व्हर बंद असला तरी भिंतीतील वीज चालू असेतो ही चिप जागी असते, आणि कोणता पंखा केव्हा मंदावला, तापमान केव्हा चढले, कोणत्या खाचेतील रॅमने चूक केली, हे तारीख-वेळेसह टिपून ठेवते. दुरुस्तीकार आल्यावर त्याने प्रथम ही नोंद वाचली की नाही, हे कर्मचाऱ्याने विचारावे. न वाचताच सुटे भाग बदलू लागणारा दुरुस्तीकार हा नाडी न पाहता औषध देणाऱ्या वैद्यासारखा समजावा. यात एक बारीक मेख आहे. फळीवरील नाण्याएवढी बॅटरी संपली असेल, तर वीज गेल्यानंतर यंत्राचे घड्याळ भलतेच जुने वर्ष दाखवू लागते. मग नोंदीतील तारखांना अर्थ राहत नाही, आणि सुरक्षित जोडणीची प्रमाणपत्रेही नाकारली जातात. अल्प किमतीच्या बॅटरीपायी संपूर्ण सर्व्हर नादुरुस्त ठरविला गेल्याची उदाहरणे नवीन नाहीत.

वीजपुरवठ्याचे दोन संच असूनही सर्व्हर बंद कसा पडतो, असा प्रश्न विचारला जातो. दोन्ही संचांच्या वायरी एकाच यूपीएसमध्ये, आणि कधी तर एकाच पाट्यावर खोचलेल्या असतात, हे त्याचे साधे उत्तर. एक संच यूपीएसवर आणि दुसरा वेगळ्या वाहिनीवर असेल तरच दोन असण्याला अर्थ. यूपीएसच्या शिशाच्या बॅटऱ्यांचे आयुष्य तीन ते पाच वर्षे धरले जाते, आणि खोलीचे तापमान साधारण १० अंशांनी वाढले की ते जवळजवळ निम्म्यावर येते. पंचवीस अंशांच्या हिशेबाने बांधलेली बॅटरी पस्तीस अंशांच्या कोंदट खोलीत ठेवून तिच्याकडून पूर्ण वर्षांची अपेक्षा करणे व्यर्थ होय. वैशाखातील वळवाच्या विजा आणि मिरगाच्या तोंडाचे वादळ यांच्या आधी भूसंयोजनाचा, म्हणजे अर्थिंगचा खड्डा तपासून घ्यावा. उन्हाळ्यात कोरड्या पडलेल्या खड्ड्याचे अर्थिंग केवळ नावापुरते उरते. सर्व्हरमध्ये शिरणाऱ्या हवेचे तापमान १८ ते २७ अंश सेल्सियस असावे, अशी या विषयातील मान्य शिफारस आहे. समुद्राकाठी धूळ, दमट हवा आणि खार ही तिन्ही एकत्र येतात व रॅमच्या खाचांतील संपर्क गंजवितात. तेथे वातानुकूलन यंत्र रात्री बंद करून सकाळी चालू करण्याची काटकसर महागात पडते. ग्वाल्हेरच्या कोरड्या थंडीत संकट उलट्या बाजूने येते. अंगावर साचलेल्या स्थिर विजेचा झटका माणसाला सुमारे तीन हजार व्होल्टच्या पुढे जाणवतो, परंतु नाजूक चिप शंभर व्होल्टच्या आतही दुखावू शकते. म्हणून पेटीत हात घालण्यापूर्वी अर्थिंगला जोडलेला मनगटी पट्टा बांधावा.

आता रॅमचा विचार करावयाचा, आणि तो जरा सविस्तर करणे भाग आहे. बंद पडलेला सर्व्हर ओळखू येतो. चालू राहून चुकीचे उत्तर देणारा ओळखू येत नाही. १८ मे २००३ रोजी बेल्जियममध्ये निवडणूक झाली. ब्रसेल्स भागातील स्कारबेक येथे यंत्रावरील मोजणीत एका उमेदवाराला ४०९६ मते अधिक पडल्याचे दिसले. ती संख्या शक्यतेच्या पलीकडची होती, म्हणूनच ती लक्षात आली. ४०९६ म्हणजे दोनचा बारावा घात. संगणकाच्या भाषेत एका संख्येतील एकच खूण शून्याची एक झाली की नेमका एवढाच फरक पडतो. पुढे पुष्कळ चाचण्या घेऊनही ती चूक पुन्हा घडविता आली नाही. अंतराळातून येणाऱ्या किरणांनी ती खूण पलटविली असावी, असा तर्क करण्यात आला. तो तर्कच राहिला. परंतु अशा खुणा पलटतात, यात संशय नाही. १९७८ च्या सुमारास अमेरिकेतील ‘इंटेल’ कंपनीला आपल्या स्मृती-चिपांत अशा चुका आढळल्या. तपासात चिपांच्या वेष्टनातच युरेनियमसारख्या किरणोत्सर्गी द्रव्यांचा सूक्ष्म अंश असल्याचे निष्पन्न झाले.

यावरचा उपाय मात्र त्याच्याही आधी निघालेला होता. ‘बेल टेलिफोन’च्या प्रयोगशाळेत रिचर्ड हॅमिंग हे गणिती शनिवार-रविवारी यंत्राला काम लावून जात. देखरेखीला कोणी नसताना यंत्राला चूक आढळली की ते काम तेथेच सोडून पुढच्या कामाला लागे, आणि सोमवारी हॅमिंग यांच्या हाती काहीच पडत नसे. यंत्राला चूक झाली हे कळते, तर ती कोठे झाली हे का कळू नये, या त्राग्यातून त्यांनी चूक सुधारणारी लिपी शोधून १९५० मध्ये प्रसिद्ध केली. तिचे तत्त्व खतावणी लिहिणाऱ्याला सहज समजेल. आडव्या ओळींची बेरीज आणि उभ्या रकान्यांची बेरीज दोन्ही मांडली असता, एक आकडा चुकला तर एक ओळ व एक रकाना जुळत नाही; ती ओळ आणि तो रकाना जेथे मिळतात, तेथेच चूक. सर्व्हरच्या रॅममध्ये सर्वसाधारणपणे दर ६४ खुणांमागे तपासणीच्या ८ खुणा अधिक असतात. एक खूण बिघडली तर ती आपोआप सुधारली जाते, दोन बिघडल्या तर निदान कळते.

आपोआप सुधारणाऱ्या या चुकांकडे दुर्लक्ष करण्याची प्रवृत्ती असते. काम तर अडत नाही, मग चिंता कशाला, असे म्हटले जाते. ‘गूगल’ कंपनीच्या सर्व्हरांवर सुमारे अडीच वर्षे केलेल्या निरीक्षणाचा अहवाल २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार वर्षभरात सुमारे एक-तृतीयांश यंत्रांत, आणि रॅमच्या शंभरांपैकी आठांहून अधिक पट्ट्यांत, सुधारता येणारी चूक निदान एकदा तरी झाली. ज्या पट्टीत अशी चूक झाली, तिच्यात पुढे न सुधारणारी चूक होण्याचा संभव पुष्कळच वाढलेला होता. चुका आकाशातून पडलेल्या कमी आणि पट्टीच्या अंगच्या दोषाच्या जास्त, असाही त्या अभ्यासाचा कल होता. म्हणून एकच पट्टी नोंदीत वारंवार येत असेल तर ती बंद पडण्याची वाट पाहू नये.

पट्टी वाईट की खाच वाईट, हे ठरविण्याची रीत साधी आहे. संशयित पट्टी दुसऱ्या खाचेत घालावी आणि तिच्या जागी चांगली पट्टी घालावी. चूक पट्टीबरोबर गेली तर पट्टी दोषी; चूक जागेवरच राहिली तर खाच किंवा मुख्य फळी दोषी. हे करताना दुसरे काहीही बदलू नये. एकाच वेळी पट्टी बदलली, वायर बदलली, धूळही झटकली, आणि यंत्र चालू झाले, तर आनंद होतो खरा. पण कशाने चालू झाले ते कळले नाही, आणि आठवड्याने तोच बिघाड परतला तर पुन्हा पहिल्यापासून आरंभ. यंत्र मुळीच सुरू होत नसेल तर उलट क्रमाने जावे. एक प्रोसेसर, एक रॅम-पट्टी, एक वीज-संच इतकेच ठेवून ते सुरू होते का पाहावे, आणि मग एकेक भाग जोडीत जावे. ज्या भागासरशी ते अडते, तेथे शोध थांबतो.

सर्वांत अधिक नुकसान मात्र डिस्कच्या बाबतीत होते, आणि तेही बिघाडाने कमी व घाईने जास्त. अनेक डिस्क एकत्र बांधून त्यांपैकी एक गेली तरी नोंदी शाबूत राहाव्यात, ही ‘रेड’ नावाची योजना १९८८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ या तिघांनी आपल्या निबंधात मांडली. तिचा एक प्रचलित प्रकार असा: चार आकडे व त्यांची बेरीज अशा पाच गोष्टी पाच डिस्कवर लिहिल्या, तर कोणतीही एक हरवली तरी उरलेल्या चारांवरून ती काढता येते. दोन हरवल्या तर मात्र काहीच काढता येत नाही. सर्व्हरवर एका डिस्कचा दिवा पिवळा झाला म्हणजे या क्षणापासून एकाही चुकीला जागा उरलेली नाही, असा त्याचा अर्थ घ्यावा.

आणि नेमक्या याच क्षणी चांगली डिस्क ओढून काढली जाते. यंत्राच्या नोंदीत ‘डिस्क २’ बिघडल्याचे लिहिलेले असते. यंत्र शून्यापासून मोजते, माणूस एकापासून. माणूस दुसरी डिस्क काढतो, बिघडलेली तिसरी तशीच राहते, आणि सारा संच कोसळतो. डिस्कच्या पुढल्या बाजूस तिचा अनुक्रमांक लिहिलेली चिठ्ठी आधीच चिकटवून ठेवली असेल तर ही आपत्ती टळते. संच कोसळल्यावर घाबरून काही लोक पडद्यावर येणाऱ्या प्रश्नांना हो म्हणत सुटतात. त्यांत ‘इनिशियलाइज’ हा शब्द आला तर हात मागे घ्यावा. संच नव्याने आरंभणे म्हणजे जुन्या नोंदींवर बोळा फिरविणे होय. चुकीची डिस्क काढली गेली असली तरी त्या क्षणी काहीही न लिहिता यंत्र तसेच ठेवल्यास जाणता माणूस पुष्कळदा सर्व नोंदी परत मिळवितो.

नवी डिस्क घातल्यावर संच पुन्हा भरण्यास कित्येक तास लागतात, आणि त्या अवधीत उरलेल्या प्रत्येक डिस्कचा कानाकोपरा वाचला जातो. वर्षभर कोणी न वाचलेल्या जागेतील दोष तेव्हा वर येतो. म्हणून नवी डिस्क घालण्याच्या आधी नोंदींची नक्कल घ्यावी. डिस्क स्वतःच्या प्रकृतीचे आकडे ठेवते, त्यांवर विसंबावे काय? एक लाखाहून अधिक डिस्कांचा ‘गूगल’ने केलेला अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. पृष्ठभागाच्या तपासणीत पहिला दोष दिसलेली डिस्क पुढील ६० दिवसांत बंद पडण्याचा संभव निर्दोष डिस्कच्या ३९ पट होता. तथापि बंद पडलेल्या डिस्कांपैकी निम्म्याहून अधिक डिस्कांनी चार प्रमुख लक्षणांपैकी एकही आधी दाखविले नव्हते. लक्षण दिसले तर डिस्क तात्काळ बदलावी. न दिसले म्हणून निर्धास्त राहू नये. ‘रेड’ असल्यामुळे वेगळ्या नकलेची गरज नाही, ही समजूतही तितकीच घातक आहे. विजेचा लोळ आला तर पाचही डिस्क एकाच पेटीत असतात. नक्कल दुसऱ्या इमारतीत असावी, आणि महिन्यातून एकदा तिच्यातून एखादी नोंद परत काढून पाहावी. कधीही उघडून न पाहिलेली नक्कल असली काय नि नसली काय.

प्रोसेसर क्वचितच बिघडतो, असा अनुभवी लोकांचा समज होता, आणि पूर्णपणे बंद पडण्याच्या बाबतीत तो बराचसा खरा आहे. परंतु ‘फेसबुक’ व ‘गूगल’ या कंपन्यांनी २०२१ मध्ये वेगळाच अनुभव प्रसिद्ध केला. हजारो यंत्रांत एखाद-दुसरा प्रोसेसर असा निघतो की, तो बंद पडत नाही, त्रुटीही दाखवीत नाही, फक्त काही ठरावीक हिशेब चुकवितो. ‘फेसबुक’च्या उदाहरणात १.१ चा ५३ वा घात काढून पूर्णांक द्यावयाचा होता. उत्तर १५६ यावयास हवे. एका प्रोसेसरचा एक भाग शून्य देत होता, आणि त्यामुळे काही फायली रिकाम्या समजून गाळल्या जात होत्या. लहान कचेरीत असे घडण्याचा संभव फारच थोडा. तरीही पतसंस्थेच्या लेखनिकाने महिन्याअखेर काही खात्यांची बेरीज हाताने ताडून पाहिली, तर तो जुनाट म्हणून हसण्यावारी नेण्याचा विषय नाही. स्कारबेकची चूकही अखेर माणसाच्या हिशेबानेच उघडकीस आली.

राहता राहिला प्रश्न काढून टाकलेल्या डिस्कचा. दुरुस्तीकार ती हमीखाली कंपनीला परत नेऊ पाहतो. बंद पडलेल्या डिस्कवरही गावकऱ्यांची नावे, खाती आणि औषधोपचाराच्या नोंदी असू शकतात, व योग्य साधने असणाऱ्याला त्या वाचताही येतात. खरेदीच्या करारातच बिघडलेली डिस्क कार्यालयाकडे राहील अशी अट घालता येते, ती घालावी. अशी डिस्क कार्यालयप्रमुखासमोर निकामी करून तिचा अनुक्रमांक, कोणत्या खाचेतून केव्हा काढली आणि तिच्या जागी कोणत्या क्रमांकाची घातली, हे सर्व्हरशेजारी टांगलेल्या वहीत शाईने लिहावे. ही वही सर्व्हरमध्ये टंकित करून ठेवू नये. सर्व्हर बंद पडला असताना ती उघडणार कोठून?